या कुंडीत तू थोडीशीच हवीस

कोकणातल्या लाल मातीस,



पावसाळा सरला की गच्च्यांवर, गॅलऱ्यांत, अंगणाच्या कडेला रिकाम्या कुंड्या उपड्या घातलेल्या दिसतात. मे महिन्यात त्यांत सक्युलंट होती. कुणाला वाढदिवसाला मिळालेली, कुणी पुण्याहून येताना गाडीत मांडीवर सांभाळत आणलेली. जुलैत त्यांची खालची पानं पिवळी पडली, आरपार दिसायला लागली, बोट लागताच गळाली आणि मग रोप बुंध्यापासून सुटून अलगद हातात आलं. खापर पावसावर फुटलं. दिवाळीनंतर नवी रोपं येतील आणि पुन्हा त्याच मातीत, म्हणजे तुझ्यात, लावली जातील. म्हणून हे पत्र तुला, आणि सगळ्यांसमोर.

तुझ्याबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगते. हापूस तुझ्यावर, भात तुझ्यावर, अबोली तुझ्यावर. तुला नावं ठेवायला तोंड नाही. पण जी झाडं पानात किंवा खोडात पाणी साठवून जगतात, त्यांच्या कुंडीत तू काठोकाठ भरलेली असणं त्यांच्या जिवावर बेततं. त्यांना तू हवीस, पण पाचव्या हिश्श्यात, तोही शेणखताबरोबर निम्मा वाटून. उरलेल्या चार हिश्शांत काय असावं आणि का, ते मांडायचं आहे.

पावसाला दोष देणाऱ्यांनी आधी घराचा गडगा पाहावा. चिऱ्याचे आणि डबराचे दगड कशाच्याही लुकणाशिवाय एकावर एक रचलेले, त्यांच्या फटींतून पानफुटी माजलेली असते. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ३,००० मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तो सगळा तिच्या डोक्यावर पडतो. छप्पर नाही, आडोसा नाही. श्रावणात एखादं रोप हळूच उपटून पाहावं. मूळ दोन दगडांमधून आडवं गेलेलं असतं. त्याच्या भोवती कुजलेला पाचोळा, थोडं शेवाळ आणि चिमूटभर तू. दगड थंडगार ओला, पण मूळ पांढरंशुभ्र आणि टणक. सर येते तेव्हा पाणी त्या मुळावरून धो धो वाहतं. सर थांबली की थोड्याच वेळात फटीत पुन्हा हवा भरलेली असते. मूळ भिजतं, बुडत नाही.

आता त्याच पानफुटीची बहीण शोभावी अशी एखादी कलांचो कुंडीत लाव, कुंडीत फक्त तू. वरचा थर दोन दिवसांच्या उघडिपीत सुकून फिका पडतो, माणसाला वाटतं माती वाळली. कुंडी उलटी करून ठोकली की खरं काय ते कळतं. खालचा अर्धा गोळा गच्च, गार, कुंडीच्या आकाराचा. मुळं तपकिरी झालेली, ओढली तर साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वास आंबट. हे पाण्याने होत नाही. हे हवा संपल्याने होतं.

जमिनीत तू अशी वागत नाहीस, कारण तिथे तुझ्याखाली आणखी तू असतेस, मग जांभा, मग त्यातल्या भेगा. तुझे बारीक कण पाणी धरून ठेवू पाहतात, पण खालून ते सतत ओढलं जातं. कुंडीत तुला तळ असतो. तिथे ही ओढ तुटते. तळाच्या भोकातून पाणी तेव्हाच बाहेर पडतं, जेव्हा त्याचं वजन तुझ्या कणांच्या धरून ठेवण्याच्या ताकदीपेक्षा जास्त होतं. म्हणून पाणी गळायचं थांबलं तरी तळाशी एक थर पूर्ण भिजलेला उरतोच. त्या थराची उंची कुंडी लहान की मोठी यावर ठरत नाही, कण किती बारीक यावर ठरते. तुझ्यासारख्या बारीक मातीत तो चार इंची कुंडीत जवळजवळ गळ्यापर्यंत येतो. चार मिलीमीटरच्या खड्यांमध्ये तो बोटभरही नसतो.

ज्याला हे पटत नाही त्याने भांडी घासायचा लांबट स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा. पाणी गळायचं थांबलं की तोच स्पंज उभा करावा. लगेच आणखी पाणी गळतं. स्पंज तोच, पाणी तेच. उंची वाढली म्हणून वरचा भाग मोकळा झाला. उथळ वाडग्यात, चहाच्या कपात लावलेली सक्युलंट सर्वांत आधी का जातात, ते यातच आलं. कपाला तळाशी भोक पाडलं तरी आतली माती बारीक असेल तर त्या भोकाचा फारसा उपयोग नसतो.

आणि हो, तळाला खापऱ्या घालायची जुनी रीत. भोकावर एक खापरी ठेवावी, माती वाहून जात नाही. पण तळाला दोन इंच खडी घालून वर तुला भरलं तर निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत उतरत नाही, ती माती पूर्ण भिजेपर्यंत तिथेच अडून राहतं. म्हणजे ओला थर होता तेवढाच राहतो, फक्त दोन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही गोष्ट सोडून द्यायला लोक नाराज असतात, तरी ती सोडायला हवी. खडी हवी तर ती तळाला नको, सगळ्या कुंडीभर हवी.

या झाडांविषयीचं बरंच लेखन कॅलिफोर्निया, ॲरिझोनाकडचं. लॉस एंजेलिसला वर्षाकाठी ४०० मिलीमीटरही पाऊस होत नाही, आणि जो होतो तो हिवाळ्यात. तिथली हवा कुंडीतलं पाणी वरून ओढून घेते. माती थोडी जड असली तरी चूक सांभाळली जाते. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. त्या हवेला आणखी पाणी घ्यायला जागाच नसते, पानांतूनही फारसं पाणी जात नाही, त्यामुळे झाड मुळांनी ते ओढत नाही. कुंडी वाळणार तरी कशाने?

त्यात उकाडा. पाणी जसं गरम होतं तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. १० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलीग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उलट मुळांना आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांना उष्णतेत तो जास्त लागतो. पाण्यातून प्राणवायू सरकतो तोही हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश. थंड देशात ओल्या मातीत मूळ आठवडाभर तग धरेल. इथे तेवढा अवधी मिळत नाही. मग पिथियम आणि फायटोफ्थोरासारखे कुजवणारे जीव आत शिरतात. ते नेहमीच आसपास असतात, गुदमरलेलं मूळ त्यांना आयतं सापडतं.

म्हणून "पाणी लवकर जातं का" हा अर्धाच प्रश्न आहे. पाणी गेल्यावर मागे हवा किती उरते, हे आपल्या हवामानात विचारायला हवं. आणि हवा पुरेशी उरावी तर कण मोठे हवेत, एकसारखे हवेत आणि भिजून विरघळणारे नकोत.

वाळू त्या कसोटीत बसत नाही. तुझ्यात थोडी बारीक वाळू मिसळली की तू वाळूच्या कणांमधल्या फटी भरून काढतेस आणि दोघी मिळून वाळल्यावर कठीण ढेप होता. वाळूचा फायदा तेव्हाच, जेव्हा ती जाड असते आणि इतकी जास्त असते, की तिचे कण एकमेकांना टेकतात. म्हणजे मग ते वाळूचंच मिश्रण झालं, तुझं नव्हे. किनाऱ्यावरची वाळू तर बारीक, खारट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. शिवाय ती उपसायला कायद्याने मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे. तिकडे कुणी वळू नये.

कोकोपीटबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण बाजारातलं बहुतेक रोप त्यातच येतं. नारळाच्या काथ्याचा हा भुसा रोपवाटिकेच्या छपराखाली, मोजून पाणी देणाऱ्या माणसाच्या हातात उत्तम. तो हलका, स्वच्छ, वाहतुकीला सोपा. पण स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, आणि उघड्या पावसात ते सोडायचं नाव घेत नाही. रोप घरी आणून आपण चांगलं खडीदार मिश्रण केलं आणि त्या रोपाचा कोकोपीटचा गोळा तसाच मध्ये ठेवून दिला, तर भोवतालची खडी वाळते आणि खोडालगतचा तो गोळा ओलाच राहतो. खोड तिथेच कुजतं. लावण्याआधी गोळा बोटांनी मोकळा करावा, मुळांना इजा होऊ न देता जमेल तेवढा भुसा झटकून टाकावा, कधी कधी मुळांभोवती जाळीची पिशवी असते ती कात्रीने कापून काढावी. मग रोप तीन-चार दिवस सावलीत उघडं ठेवावं. तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकल्या की लावावं, आणि लावल्यावरही लगेच पाणी घालू नये. या झाडांच्या पानांत त्या दिवसांपुरतं पाणी असतं.

आता चार हिश्शांचं. आपल्याकडे सगळ्यांत चांगली वस्तू घराच्या मागच्या बाजूला पडलेली असते: फुटकी कौलं. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं सगळ्या किनाऱ्यावर चढली. आता घरांवर स्लॅब किंवा पत्रा येतोय आणि जुन्या कौलांच्या चळती पावसात भिजत पडल्यात. चांगली भाजलेली माती ती. गोणत्यात घालून हातोडीने फोडावी. प्रत्येक तुकडा आपल्या पोटात थोडं पाणी शोषतो आणि दोन तुकड्यांच्या मधली जागा हवेला मोकळी सोडतो. कौलं नसतील तर पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे तितकेच चांगले. सिमेंट किंवा चुना चिकटलेले घेऊ नयेत, त्याने मिश्रण अल्कधर्मी होतं. कमी भाजलेली वीटही नको. पारख सोपी: तुकडे रात्रभर पाण्यात ठेवावेत, सकाळी दोन बोटांत चोळावेत. पाणी लाल होऊन बोटांना चिखल लागला तर ते एका पावसाळ्यात पुन्हा तूच होणार.

जांभ्याच्या तुकड्यांनाही हीच परीक्षा लावावी. वरच्या कातळाचा कठीण जांभा टिकतो, चिरेखाणीतला मऊ भुगा टिकत नाही.

दुसरी वस्तू काळ्या दगडाची बारीक खडी. ती पाणी अजिबात धरत नाही, पण तिचं वजन मृगाच्या वाऱ्यात कुंडी आडवी होऊ देत नाही. खाणीची पावडर मात्र धुऊन काढायलाच हवी, नाहीतर ती तळाशी बसून घट्ट होते. तिसरा लोणारी कोळसा, फोडून. तो हलका, सच्छिद्र, वर्षानुवर्षं न कुजणारा. परलाइटही चालतं, पण मुसळधार पावसात ते तरंगून वर येतं आणि कुंडीबाहेर वाहून जातं. ज्याच्या कुंड्या छपराखाली आहेत त्यानेच ते वापरावं, असं माझं मत.

हे सगळं चाळलं नाही तर केलेलं वाया. खिडकीच्या मच्छरजाळीवर घालून हलवावं. जाळीतून जे पडतं ते बाजूला काढावं. वर उरतं त्यातलं ज्वारीपासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचं घ्यावं. मोठे तुकडे पुन्हा हातोडीखाली. कुंडीत बारीक आणि जाड एकत्र असले की बारीक कण जाडांच्या मधल्या जागा भरतात आणि हवेसाठी काही उरत नाही. कितीही महागडी वस्तू आणली तरी न चाळलेली असेल तर तिच्यापेक्षा चाळलेलं कौल बरं.

माझं प्रमाण असं: कौलाचे किंवा विटांचे तुकडे दोन घमेली, खडी एक, कोळसा एक, आणि पाचव्या घमेल्यात निम्मी तू, निम्मं जुनं चाळलेलं शेणखत. तू अजिबात नसलीस तर चालत नाही, कारण निव्वळ खडीत घातलेलं खत पहिल्या आठवड्यात वाहून जातं. तू ते थोडंफार धरून ठेवतेस. शेणखत ताजं असू नये. मूठभर निंबोळी पेंड घालायला हरकत नाही, पण जास्त खत या झाडांना पावसाळ्यात फक्त लुसलुशीत करतं.

मिश्रण जमलं की नाही हे मोजता येतं, अंदाजाने ठरवायची गरज नाही. एक लिटरच्या प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला भोकं पाडावीत, बाहेरून चिकटपट्टीने बंद करावीत. डबा काठापर्यंत मिश्रणाने भरावा, हळूहळू पाणी ओतावं, पृष्ठभागावर पाणी चमकलं की थांबावं. विटा पाणी पितात, म्हणून थोडा वेळ ठेवून पुन्हा भरावं. मग पातेल्यावर धरून पट्टी काढावी. गळायचं थांबलं की पातेल्यातलं पाणी मोजावं. जेवढं पाणी बाहेर आलं, तेवढी हवा आत गेली. उघड्यावरच्या कुंडीसाठी निदान पाव लिटर यायला हवं. तुझ्या एकटीच्या डब्यातून फारच थोडं येतं, तेही थेंब थेंब.

ही खडीदार कुंडी ऑक्टोबर हीटमध्ये आणि एप्रिलमध्ये भराभर वाळते, आणि लोक तक्रार करतात, की रोज पाणी घालावं लागतं. घालावं. कमी पडलेलं पाणी संध्याकाळी तांब्याभर ओतून भरून काढता येतं. जास्त झालेलं कुंडीतून उपसून काढता येत नाही.

सह्याद्रीने हे केव्हाच करून दाखवलं आहे. शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राबाहेर रानात कुठेही न सापडणारी सक्युलंट. १८६५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. शिवनेरीच्या कड्यावर ती आहे. पावसाळ्यात तिला पानं येतात, उन्हाळ्यात ती झडून नुसतं मांसल खोड राहतं. ती राहते कुठे, तर उभ्या काळ्या कड्याच्या कपारीत, जिथे तुझी एखादी ओंजळ अडकलेली असते आणि पाणी थांबायला जागाच नसते. पायथ्याला चांगली खोल माती आहे, तिथे ती नाही. तिला अतिशय दुर्मीळ म्हणून गणलं जातं, तिला कड्यावरून काढून कुणी कुंडीत आणू नये. पण ती कशात उभी आहे ते पाहून कुंडी भरायला काहीच हरकत नाही.

एका गोष्टीत मात्र कुठलंच मिश्रण पुरं पडत नाही. सक्युलंटमधली बरीच झाडं रात्री पानांची छिद्रं उघडून श्वास भरतात, दिवसा मिटून घेतात. एचेव्हेरिया मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, तिथल्या रात्री गार. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात रात्रीचं तापमान पंचविशीच्या फारसं खाली उतरत नाही आणि ती झुरते. नामिबियातल्या लिथॉप्सचंही तेच. ही हवीच असतील तर जून ते सप्टेंबर त्यांना पारदर्शक पत्र्याखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवावं. शेडनेट पाऊस अडवत नाही, फक्त त्याचे थेंब बारीक करते. उलट कोरफड, घायपात, अडेनियम, युफोर्बिया, सान्सेव्हिएरिया, हॉवर्थिया ही उकाडा सोसणारी. यांना या मिश्रणात लावलं तर मी खात्रीने सांगेन, की ती पावसाळा काढतील. हॉवर्थियाला दुपारची सावली द्यावी, एवढंच.

बदल करायचा तर एप्रिल संपायच्या आत. पावसाला सुरुवात होईपर्यंत नवी मुळं फुटून रोपाने पकड घेतलेली असते. आषाढात कुंडी उकरणं म्हणजे जखमी मुळं ओल्यात लोटणं. कुंडी मातीची असो की प्लास्टिकची, ती फरशीवर टेकवू नये. खाली विटेचे दोन तुकडे द्यावेत. भोक मोकळं राहतं आणि गांडुळं खालून चढत नाहीत. बागेत त्यांचं स्वागत आहे, पण कुंडीत आली की त्यांची बारीक विष्ठा सगळ्या फटी भरून टाकते. वर खडीचा पातळ थर पसरावा, म्हणजे पावसाच्या माऱ्याने तुझे शिंतोडे खालच्या पानांवर उडत नाहीत. दोन वर्षांनी सगळं मिश्रण पसरून पुन्हा चाळावं, कारण शेणखत या उकाड्यात लवकर विरतं आणि त्याचा गाळ होतो.

मच्छरजाळीखाली जे पडतं, तो कौलांचा भुगा, कोळशाची पूड, त्यात मिसळलेली तू, ते मी अबोलीच्या आणि मोगऱ्याच्या आळ्यात टाकते. तिथे तुझ्याखाली जमीन आहे, पाणी ओढून घ्यायला जांभा आहे. या वर्षी पश्चिमेच्या गडग्यालगत एक नवं आळं करते आहे, कारण कौलं फोडायचं काम बरंच बाकी आहे आणि भुगाही बराच निघणार.

तुझी,
किनाऱ्यावरची एक बागवाली